आठवण मेंदूत नेमकी कुठे असते? एका लांबलेल्या शोधाची गोष्ट

"मॅडम, बाबांना ७२ चा दुष्काळ आठवतो. दुष्काळी कामावर मुकादम कोण होता, मिलोची भाकरी कशी लागायची, सगळं सांगतात. आणि अर्ध्या तासापूर्वी चहा घेतला, तर म्हणतात घेतलाच नाही. हे खरंच विसरणं आहे, की लक्ष वेधून घ्यायचं नाटक?"

शब्द बदलून हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. घरच्यांचा तर्क सरळ असतो. पन्नास वर्षांपूर्वीचं आठवतं म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे, मग आजचं आठवत नाही हे पटायचं कसं? यातून घरात चिडचिड होते, "तुम्ही खोटं बोलता" इथपर्यंत गोष्ट जाते, आणि ज्याला मदत हवी आहे त्यालाच जाब द्यावा लागतो.

या तर्कामागे एक समजूत आहे. स्मरणशक्ती ही एकच गोष्ट आहे आणि ती मेंदूतल्या एखाद्या कपाटात नीट रचून ठेवलेली असते, अशी. शास्त्रज्ञही फार काळ ते कपाटच शोधत होते. ते त्यांना सापडलं नाही. त्याऐवजी काय सापडलं ते आज सांगते. वरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

कार्ल लॅश्ली नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. ते उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवायचे, मग त्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचा एखादा तुकडा काढून टाकायचे आणि उंदीर वाट विसरतो का ते बघायचे. आज या जागेचा तुकडा, उद्या त्या जागेचा. अशी वर्षानुवर्षं गेली. वाट पूर्ण पुसली जाईल अशी एकही जागा मिळाली नाही. जेवढा मोठा तुकडा काढावा तेवढा उंदीर जास्त चुकायचा, पण तुकडा कुठला याने विशेष फरक पडत नव्हता. १९५० मध्ये त्यांनी या शोधाचा आढावा लिहिला. त्यात आठवणीची जागा सापडली नाही याची कबुली होती. आज मागे वळून पाहताना वाटतं की ते निम्मे बरोबर होते. आठवण एका जागी नसते, हे खरंच आहे. पण म्हणून सगळ्या जागा सारख्याच असतात, असं नाही.

याचा पुरावा खरं तर त्याआधीच मिळालेला होता, आणि तो माणसांकडून. १८८७ पासून मॉस्कोतले डॉक्टर सर्गेई कोर्साकॉव्ह यांनी काही विलक्षण रुग्णांचं वर्णन लिहायला सुरुवात केली. त्यातले बरेच जण अतोनात दारू पिणारे होते. हे रुग्ण पहिल्या भेटीत अगदी शहाण्यासारखं बोलत, विनोद करत, पत्ते खेळत. मात्र डॉक्टर खोलीबाहेर जाऊन थोड्या वेळाने परत आले की आपण यांना आधी भेटलोच नाही असं त्यांना वाटे. आणि सकाळी काय केलंत असं विचारलं, तर अंथरुणातून न उठलेला माणूस आपण कुठे कुठे जाऊन आलो ते रंगवून सांगे. ते खोटं नव्हतं, कारण सांगणाऱ्याला ते खरंच वाटत होतं. आठवणीत पडलेली भोकं मेंदू स्वतःच बुजवत होता.

या रुग्णांच्या मेंदूत मुख्य इजा बाहेरच्या थरात नव्हती. ती खोल आत, मॅमिलरी बॉडीज नावाच्या वाटाण्याएवढ्या दोन गोळ्यांमध्ये आणि शेजारच्या थॅलॅमसमध्ये होती. कारण होतं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता. (हा आजार आजही होतो. दारू पिणारा माणूस नीट जेवत नसेल, अचानक गोंधळल्यासारखा वागू लागला असेल, झोकांड्या जात असतील, तर "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून झोपवू नका. थायमिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर स्मृती वाचू शकते.)

पुढे १९३७ मध्ये जेम्स पेपेझ या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञांनी एक मार्ग मांडला. हिप्पोकॅम्पसपासून मॅमिलरी बॉडीज, तिथून थॅलॅमस, तिथून मेंदूच्या आतल्या बाजूची एक पट्टी आणि फिरून पुन्हा हिप्पोकॅम्पस. हा भावनांचा मार्ग असावा असं त्यांना वाटलं होतं. नंतर कळलं की हा मुख्यतः आठवणींचा रस्ता आहे. म्हणजे रस्ता कागदावर काढलेला होता, पण त्यावरून काय जातं ते समजलं नव्हतं. ते समजायला एका तरुणाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

हेन्री

हेन्री मोलेसन हा अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला साधा कामगार मुलगा. त्याला फिट्स यायच्या. विशीत त्या इतक्या वाढल्या की औषधांचे मोठे डोस घेऊनही काम करणं अशक्य झालं. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गेला.

हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला खोलवर, दोन्हीकडे एकेक, साधारण करंगळीएवढा भाग. १५८७ मध्ये इटलीतल्या अरांझी या शरीररचनातज्ज्ञाला त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा वाटला, म्हणून हे नाव. तो नेमकं काय करतो हे १९५३ मध्ये कुणालाच धड माहीत नव्हतं.

फिट्स कमी झाल्या. बुद्धीही जागेवर राहिली. बुद्ध्यांक तर आधीच्या १०४ वरून ११२ झाला. पण हेन्रीला वॉर्डातल्या बाथरूमची वाट सापडेना. रोज भेटणाऱ्या नर्स ओळखू येईनात. घरी गेल्यावर तीच मासिकं तो पुनःपुन्हा वाचायचा, आणि दर वेळी मजकूर त्याला नवाच वाटायचा.

त्याच काळात कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ब्रेंडा मिलनर ही मानसशास्त्रज्ञ, वाइल्डर पेनफिल्ड या प्रसिद्ध न्यूरोसर्जनबरोबर काम करत होती. त्यांच्या दोन रुग्णांची एकाच बाजूची शस्त्रक्रिया झाली होती, तरी स्मृती गेली होती. दुसरी बाजू आधीच खराब असावी असा त्यांचा अंदाज होता. (एका रुग्णाच्या बाबतीत तो पुढे शवविच्छेदनात खरा ठरला.) हे वाचून स्कोव्हिलनी संपर्क साधला आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये मिलनर हार्टफर्डला पोचल्या. त्यांनी हेन्रीला तारीख विचारली. त्याने सांगितलं, मार्च १९५३. वय? २७. शस्त्रक्रियेला जवळजवळ दोन वर्षं होत आली होती.

मिलनर यांच्या दोन चाचण्या मला नेहमी आठवतात. एकदा त्यांनी हेन्रीला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. तो पंधरा मिनिटं शांत बसून आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत, काहीतरी युक्ती जुळवत राहिला आणि पंधरा मिनिटांनी आकडा बरोबर सांगितला. मग विषय बदलला. मिनिटभरात आकडा गेलाच, पण आपल्याला आकडा लक्षात ठेवायला सांगितलं होतं हेही गेलं. म्हणजे मनात धरून ठेवण्याची यंत्रणा चालू होती. ती मोकळी सोडली की पुढे काहीच उरत नव्हतं.

दुसऱ्या चाचणीत हात थेट न बघता आरशात बघून चांदणीच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवायची होती. करून बघा, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो. हेन्रीने तीन दिवस हे केलं आणि रोज सुधारत गेला. तिसऱ्या दिवशी हात सफाईने चालला. पण हे आपण आधी केलं आहे याची त्याला कल्पनाच नव्हती. हाताला आठवत होतं, माणसाला आठवत नव्हतं!

१९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिलनर यांनी हे प्रसिद्ध केलं. स्मरणशक्ती एक नाही, तिचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाची यंत्रणा वेगळी आहे, हे त्या दिवसापासून टाळता येईना. स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंची ही शस्त्रक्रिया करू नका, असा इशाराही दिला. सर्जनने स्वतःच्या हातून झालेलं नुकसान असं छापून सांगणं सोपं नसतं. हेन्रीला मात्र त्याचा उपयोग नव्हता. १९६२ पासून त्याच्यावर काम करणाऱ्या सुझान कॉर्किन यांना तो पुढची अनेक वर्षं नव्यानेच भेटत राहिला. हिला आपण शाळेपासून ओळखतो, असं मात्र त्याला कुठेतरी वाटायचं.

माहीत असणं आणि आठवणं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हेन्रीला बालपण आठवत होतं का? सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हो. आईवडील, गाव, शाळा, सगळं तो सांगायचा. पण कॉर्किन यांनी बारकाईने विचारल्यावर वेगळं चित्र दिसलं. तो सांगत होता ती मुख्यतः माहिती होती. "त्या दिवशी असं झालं, मी तिथे होतो, मला असं दिसलं" अशा तऱ्हेने डोळ्यांसमोर उभा राहणारा प्रसंग फार क्वचित निघायचा. लहानपणी छोट्या विमानातून केलेली सफर हा त्यातला एक.

हा फरक १९७२ मध्ये एन्डेल टुल्व्हिंग यांनी नावानिशी मांडला. पुणे मुळा-मुठेच्या काठी आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण ते कधी, कुठे, कुणाकडून कळलं ते आठवत नाही. ही ज्ञानस्मृती. पहिल्यांदा पुण्याला गेलात तेव्हा स्टँडवर उतरताना पाऊस होता आणि चप्पल तुटली, हे मात्र तुम्ही पुन्हा अनुभवता. ही प्रसंगस्मृती. टुल्व्हिंग यांच्याकडे टोरांटोत पुढे एक रुग्ण आला. १९८१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात मेंदूला जबर मार लागलेला. के. सी. या अद्याक्षरांनी तो वैद्यकात ओळखला जातो. त्याला बुद्धिबळ खेळता येत होतं, स्वतःच्या घराची खडानखडा माहिती होती. आपला भाऊ वारला हे माहीत होतं, पण ती बातमी कळली तो क्षण आठवत नव्हता. आयुष्यातला एकही प्रसंग तो पुन्हा जगू शकत नव्हता. आणि उद्या काय करणार असं विचारलं की त्याचं मन तितकंच कोरं असायचं.

त्या बाबांच्या दुष्काळाच्या गोष्टीकडे आता बघा. ती त्यांनी किती वेळा सांगितली असेल? भावांना, मुलांना, नातवंडांना. दर सांगण्यागणिक ती घट्ट होत गेली आणि हळूहळू प्रसंगाकडून माहितीकडे सरकली. ती माहिती मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरलेली असते आणि हिप्पोकॅम्पसवर फारशी अवलंबून राहत नाही. आजचा चहा मात्र एकदाच घडला. तो नोंदवायला हिप्पोकॅम्पस हवाच. (जुना पण जिवंत, तपशीलवार प्रसंग आठवायलाही हिप्पोकॅम्पस कायम लागतो की नाही, यावर तज्ज्ञांचे अजून वाद आहेत. मला स्वतःला लागतो हे म्हणणं जास्त पटतं.) म्हणून दुष्काळ आठवणं आणि चहा न आठवणं यात विरोध नाही. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

जाळं कसं दिसलं

इथपर्यंतची कथा इजा झालेल्या मेंदूंची होती. निरोगी माणूस काही आठवत असताना मेंदूत काय चालतं ते बघायची सोय पेट आणि फंक्शनल एमआरआय स्कॅनमुळे झाली. आणि इथे एक गंमत घडली.

स्कॅनमध्ये तुलनेसाठी लोकांना मध्येमध्ये नुसतं स्वस्थ पडून राहायला सांगत. त्या वेळी मेंदू शांत असेल, असं गृहीत होतं. पण काही भाग त्याच वेळी जास्त काम करताना दिसले. १९९५ मध्ये नॅन्सी अँड्रियासन यांनी याचं साधं कारण दाखवलं. स्वस्थ पडलेला माणूस काहीच करत नसतो असं नाही. तो मागचं आठवत असतो, पुढचं ठरवत असतो. त्याच वर्षी भारत बिस्वाल या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पूर्ण विश्रांतीतही मेंदूच्या लांब लांब भागांतले चढउतार एका लयीत चालतात. लांबच्या दोन घरांतले दिवे एकदमच कमी-जास्त होत असतील तर ती घरं एका लाइनवर आहेत हे कळतं, तसं काहीसं. २००१ मध्ये मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी विश्रांतीतल्या या कामकाजाला 'डिफॉल्ट मोड' असं नाव दिलं.

या जाळ्यात कपाळामागचा आतला भाग आहे, डोक्याच्या मागच्या बाजूला मधोमध असलेला भाग आहे, कानाच्या वर-मागे दोन्हीकडचे भाग आहेत आणि हिप्पोकॅम्पसचा परिसरही त्याला जोडलेला आहे. तुम्ही एखादा प्रसंग आठवता तेव्हा हीच मंडळी एकत्र कामाला लागतात.

कशी, ते एका उदाहरणाने बघू. तुमच्या घरातलं एखादं लग्न आठवा. सनईचा आवाज ऐकण्याच्या भागात नोंदला गेला होता, शालूचा रंग बघण्याच्या भागात, मुलगी निघतानाची कालवाकालव भावनांच्या भागात, मांडव कुठे आणि आपण कुठे उभे होतो हे मागच्या मधल्या भागात. हिप्पोकॅम्पसने यातलं काहीच स्वतःकडे ठेवलं नाही. त्याने फक्त या सगळ्याची एक गाठ मारली. १९८६ मध्ये टायलर आणि डिसेना यांनी याला वाचनालयातल्या सूचीची उपमा दिली. सूचीत पुस्तक नसतं, पुस्तक कोणत्या फडताळावर आहे ते असतं. वर्षांनंतर कुठेतरी सनई कानावर पडते, गाठीचा एक पदर ओढला जातो आणि बाकीचे पदर मागोमाग येतात. २००० मध्ये मार्क व्हीलर आणि सहकाऱ्यांनी स्कॅनमध्ये हे पाहिलं. लोक चित्र नुसतं आठवत होते, तरी बघण्याच्या भागातली काही केंद्रं पुन्हा जागी होत होती. आवाज आठवताना ऐकण्याच्या भागातली.

२०१२ मध्ये चरण रंगनाथ आणि मॉरीन रिची यांनी हिप्पोकॅम्पसकडे येणारे दोन मोठे रस्ते वेगळे करून दाखवले. एकावरून मुख्यतः स्थळ आणि परिस्थिती येते, दुसऱ्यावरून वस्तू, माणसं आणि त्यांचं आपल्या लेखी असलेलं मोल. म्हणून कधी चेहरा ओळखीचा वाटतो पण कुठे भेटलो ते सुचत नाही. हे तुमच्या-माझ्या बाबतीतही होतं, आणि तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

कपाळामागच्या भागाचं काम शोधायचं आणि तपासायचं. हे गेल्या वर्षीचं की त्याआधीचं? खरंच घडलं की ऐकलं? हा तपासनीस अशक्त झाला की कोर्साकॉव्हच्या रुग्णांसारखं होतं. तुमची आई "सकाळी बाजारात जाऊन आले" असं शांतपणे सांगते आणि ती चार दिवस घराबाहेर पडलेली नसते. तिच्या मेंदूने जुने तुकडे जोडून आजची सकाळ तयार केली आहे. तिच्याशी वाद घालून ती पटणार नाही, कारण तिला ती आठवण तुमच्या आठवणीइतकीच खरी वाटते.

२००७ मध्ये डेमिस हस्साबिस आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या बहुतेक रुग्णांना न घडलेला प्रसंगही, म्हणजे समजा समुद्रकिनाऱ्यावर पडून राहणं, नीट कल्पिता येत नाही. चित्र तुटक राहतं. के. सी.च्या कोऱ्या 'उद्या'चा अर्थ इथे लागतो. (हे हस्साबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि २०२४ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.)

दवाखान्यात याचा उपयोग

अल्झायमरच्या आजारात एक बिघाड हिप्पोकॅम्पसच्या दारातच फार लवकर सुरू होतो, तर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचण्याच्या जागा याच डिफॉल्ट जाळ्याशी बऱ्याच जुळतात. रॅंडी बकनर आणि सहकाऱ्यांनी हे २००५ मध्ये दाखवलं. म्हणून ताजे प्रसंग आधी जातात आणि जुन्या गोष्टी टिकतात. जाळ्यातलं सहकार्य ढिलं पडलं तरी नेहमीच्या एमआरआयमध्ये सुरुवातीला ठळक काही दिसेलच असं नाही. "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नाटक" हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा आहे.

तपासताना आम्ही काही शब्द लक्षात ठेवायला देतो आणि थोड्या वेळाने विचारतो. आले नाहीत तर धागा देतो: "त्यात एक फळ होतं." धागा दिल्यावर शब्द आला, तर नोंद झालेली आहे, शोधायला अडचण येते आहे. नैराश्यात किंवा झोप पुरेशी नसताना असं दिसू शकतं. धागा देऊनही काही आलं नाही, तर नोंदच झाली नसावी अशी शंका येते आणि आम्ही जास्त खोलात जातो. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी मी जवळजवळ प्रत्येकाची करते, कारण ही कारणं दुरुस्त होण्यासारखी आहेत. ऐकू कमी येतं का तेही बघते. जे कानात शिरलंच नाही ते विसरलं असं म्हणता येत नाही.

एक प्रकार मात्र थांबण्याचा नाही. धडधाकट माणूस अचानक "आपण इथे कसे आलो?" असं विचारू लागतो, उत्तर दिलं की दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारतो. यात हिप्पोकॅम्पसचं काम तात्पुरतं बंद पडलेलं असू शकतं आणि ते २४ तासांच्या आत पूर्ववत होतं. पण पक्षाघाताची सुरुवातही अशी असू शकते, ती घरी बसून ओळखता येत नाही. लगेच हॉस्पिटल गाठा.

हेन्री २ डिसेंबर २००८ ला, ८२ व्या वर्षी वारला. त्याचा मेंदू जतन करून २४०१ पातळ कापांमध्ये कापला गेला, आणि त्यात दिसलं की हिप्पोकॅम्पसचा मागचा थोडा भाग शस्त्रक्रियेतून बचावला होता.

आणि ते बाबा? धागा देऊनही त्यांना पाचपैकी एकच शब्द आठवला. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हणजे मी उगाच रागावत होते?" बाबांनी मध्येच मला मिलोच्या भाकरीबद्दल सांगायला सुरुवात केली. ती ऐकून झाल्यावर रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, झोपेच्या गोळ्यांसकट, घेऊन यायला सांगितलं.